कोर्ट नाक्याजवळचं भाषांतराचं ऑफिस, ठाणे: असायलमच्या (परदेशात आश्रय मागायच्या) कागदांसाठी गेले होते, अनुभव सविस्तर लिहितेय

आधीच सांगते, ऑफिसचं नाव इथे लिहीत नाहीये. मॅडमनीच नको म्हटलं, त्यांच्याकडे जे लोक कागद घेऊन येतात त्यातल्या काही जणांच्या मागावर घरचेच कोणीतरी असतात, उद्या नाव वाचून कोणी जिन्यात येऊन उभं राहिलं तर काय करायचं. ज्याला खरंच गरज आहे त्याने ठाणे कोर्टातल्या आपल्या वकिलाला विचारावं, मराठीचं इंग्रजी करून देणाऱ्या मॅडम म्हटलं की जुन्या वकिलांना बरोबर कळतं. भाचीला विचारूनच लिहितेय. गाव आणि जात गाळलीये, बाकी जे झालं तेच आहे.

आमची गोष्ट आधी सांगते, नाहीतर रिव्ह्यू कशाचा ते कळायचं नाही. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. २०२१ ला तिने जातीबाहेर लग्न ठरवलं आणि दोघांनी स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोटीस दिली. १९५४ चा कायदा आहे तो, ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, नाव पत्ता सगळं त्यावर असतं. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या पोरीचा पत्ता भिंतीवर लागला की दुसरं काय होणार, कोणीतरी फोटो काढून गावाला पाठवला आणि चौथ्या दिवशी तिचा काका दोन मुलांना घेऊन दारात हजर. केस धरून तिला जिन्यावरून खाली ओढलं. माझ्या भावाने, म्हणजे तिच्या मामाने, कशीबशी सोडवली आणि कळव्याला स्वतःच्या घरी नेऊन ११ दिवस दाराबाहेर पडू दिलं नाही.

लग्न झालं शेवटी. पण भाओजींनी मुलीशी संबंध तोडायला नकार दिला म्हणून त्यांनाच वाळीत टाकलं. गावात गिरणीवाला त्यांचं दळण घेईना, आजारपणात कोणी दाराशी येईना. २०२२ ला भाची आणि जावई घणसोलीला भाड्याने राहायला गेले तर तिथेही चुलतभाऊ गेटवर येऊन दम देऊन गेले, पोलिसांनी एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार लिहून घेतली आणि घरी पाठवलं. २०२३ ला ती शिकायला कॅनडाला गेली, जावईही बरोबर गेले. तेव्हा असायलम वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं, खरंच सांगते, दोन वर्षं जाऊ देत, राग निवेल असंच आम्ही धरून चाललो होतो. २०२४ ला त्यांना बाळ झालं, त्याचा फोटो गावात पोचला आणि बाजाराच्या दिवशी भाओजींना मारलं, ती परत येऊ दे मग तिघांचं बघतो म्हणाले. मग तिने तिथे क्लेम टाकला. कागद जमवायचं काम माझ्यावर आलं कारण मी नौपाड्यात राहते, रिटायर्ड आहे आणि भाओजींना आता प्रवास होत नाही.

मॅडमकडे जायच्या आधी मी एक चूक केली, तीही लिहिते. ओळखीतून वाशीतल्या एका एजंटकडे गेले. चकाचक एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे, कॉफी. त्याने भाचीची गोष्ट दोन मिनिटंसुद्धा ऐकली नाही. म्हणाला जातीचं तिकडे काही चालत नाही, पॉलिटिकल करा, मी स्टेटमेंट देतो, एफआयआरची कॉपी आणि पेपरातलं कात्रण पण देतो, २ लाख ४० हजार, अर्धे कॅश. नमुना म्हणून एक स्टेटमेंट दाखवलं, त्यात तिसऱ्याच कुठल्यातरी तालुक्याचं नाव मध्येच राहून गेलं होतं, म्हणजे आधीच्या कोणाचं तरी तसंच्या तसं उचललेलं. आणि निघताना सांगतो, मुलीला म्हणावं हिअरिंगला रडायचं, रडलं की होतं. मी ५,००० फाइल ओपनिंगचे भरून आले होते, ते गेलेच. पैशांचं जाऊ दे, पण त्या पोरीच्या अंगावर खरे वळ असताना हा माणूस तिला खोटी गोष्ट पाठ करायला सांगत होता याची चीड अजून जात नाही.

दुसऱ्याच आठवड्यात कोर्ट नाक्याला गेले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, लाकडी कपाटं, दोन कॉम्प्युटर, एक मदतनीस मुलगी आणि मॅडम. आयुष्यभर कोर्टाच्या कागदांचं भाषांतर केलंय त्यांनी. वकील नाहीत हे त्या स्वतःच पहिल्या वाक्यात सांगतात, सल्ला तिकडच्या वकिलाकडून घ्या, मी फक्त भाषा बघते. कॅनडात पैसे घेऊन अशी केस चालवायची तर माणूस वकील किंवा तिथल्या लॉ सोसायटीचा पॅरालीगल तरी हवा, क्वेबेकमधला नोटरी तरी, नाहीतर त्यांच्या इमिग्रेशन कन्सल्टंट लोकांच्या नियामक संस्थेचा (तिला तिथे कॉलेज म्हणतात) लायसन्स असलेला तरी, हे मला त्यांच्याकडेच कळलं. ओंटारिओत लीगल एडमधून रेफ्युजी केसला वकील मिळू शकतो हेही त्यांनीच सांगितलं. वाशीवाला यातला कोणीच नव्हता.

त्यांनी भाचीचं निवेदन वाचायला घेतलं, जे तिने मोबाईलवर मराठीत लिहून पाठवलं होतं आणि जावयांनी घाईघाईत इंग्रजी केलं होतं. पहिल्याच पानावर पेन्सिल थांबली. म्हणाल्या, ताई, हे बघा, इथे अंकलने मारलं लिहिलंय आणि चार ओळींनंतर अंकलने घरात लपवलं. तिकडच्या माणसाने वाचलं तर तो काय समजेल? मी बघतच राहिले. आपल्याला काका आणि मामा यात गोंधळ होऊच शकत नाही, दोन वेगळी घरं, दोन वेगळी नाती, पण इंग्रजीत दोघंही अंकल. आणि निकाल देणारा माणूस म्हणणार की आधी सांगते अंकलने ओढलं, मग सांगते त्यानेच आसरा दिला, म्हणजे बाई एकतर विसरतेय नाहीतर रचून सांगतेय. तसंच भावाचं. फॉर्ममध्ये भाऊ एक लिहिलाय, गोष्टीत तीन भाऊ येऊन धमकावतात. आपण चुलतभावाला भाऊच म्हणतो ना. मॅडमनी प्रत्येक ठिकाणी वडिलांचा धाकटा भाऊ, आईचा थोरला भाऊ, वडिलांच्या भावाचा मुलगा असं फोडून लिहिलं आणि शेवटी सगळ्या नात्यांचा एक तक्ता जोडला.

मग परवा. भाचीने लिहिलं होतं की परवा बाबांचा फोन आला. तिच्या मनात होतं हल्लीच. परवा म्हणजे दोन दिवस आधीही होतं, दोन दिवस नंतरही होतं आणि नुसतं मागे कधीतरी असंही होतं, तर मॅडमनी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावून विचारलं, अगं बाळा, नक्की कधी, फोनचा कॉल लॉग बघून सांग, नसेल आठवत तर आठवत नाही असंच लिहायचं. तारखांचंही तसंच. एनसीवर ०३/०४/२०२२ होतं. आपल्याकडे ती ३ एप्रिल, पण अमेरिकेच्या पद्धतीने वाचणाऱ्याला ४ मार्च दिसेल. मॅडम महिना कायम अक्षरांतच लिहितात.

आणि बसवून ठेवलं! भाओजी तक्रार द्यायला गेले तेव्हा पोलिसांनी त्यांना रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं आणि तक्रार न घेताच पाठवून दिलं. जावयांच्या इंग्रजीत ते असं झालं होतं की पोलिसांनी त्यांना बसायला जागा दिली. वाचून हसू येईल पण विचार करा, ज्या वाक्यावरून कळायला हवं की पोलीस मदत करत नाहीत तेच वाक्य पोलीस किती चांगले आहेत असं सांगत होतं. उलट बाजूलाही त्या तितक्याच कडक आहेत. तंगड्या तोडू असं एनसीत होतं, मी म्हटलं मॅडम जिवे मारू असं करा ना, अर्थ तोच आहे. म्हणाल्या नाही, जेवढं कागदावर तेवढंच, तिने तोंडी जास्त सांगितलं असेल तर ते तिच्या निवेदनात जाईल, पोलिसांच्या कागदात मी एक शब्द वाढवणार नाही. मला तेव्हा राग आला होता. आता कळतंय की याच गोष्टीसाठी यांच्याकडे जायचं.

कारण त्या हे का करतात ते त्यांनी चहा घेता घेता समजावलं, आणि मला वाटतं हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं ज्यांचं पोरगं बाहेर अशा भानगडीत अडकलंय. १९५१ चा रेफ्युजी करार आणि १९६७ चा त्याचा प्रोटोकॉल, त्यावर हे सगळं उभं आहे. आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही म्हणून आपल्याला हे फारसं माहीतही नसतं. त्यात नुसती भीती पुरत नाही, भीती साधार हवी आणि छळाचं कारण पाचातलं एक हवं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत. गुंड पैशासाठी मागे लागलेत, शेतीचा वाद आहे, धंद्यात दुश्मनी आहे, हे कितीही भयंकर असलं तरी या व्याख्येत आपोआप बसत नाही. अमेरिकेतली १९८५ ची एक केस त्यांनी सांगितली, एल साल्वाडोरचा टॅक्सीवाला, अकोस्टा नावाचा. बंडखोरांनी टॅक्सी बंद ठेवायला सांगितल्या, याच्या सोसायटीने ऐकलं नाही, धमक्या आल्या. तिथल्या इमिग्रेशन अपील बोर्डाने काय ठरवलं, तर सामाजिक गट म्हणजे असं काहीतरी जे माणसाला बदलता येत नाही किंवा जे बदलायला सांगणंच चूक आहे, धंदा तर बदलता येतो, टॅक्सीवाले हा त्यातला गट नाही. मी लगेच खिडकीतून खाली रिक्षा स्टँडकडे बघितलं. जात मात्र बदलता येत नाही, आणि कोणाशी लग्न करायचं हा हक्क सोडून दे असं सांगता येत नाही. वाशीवाला म्हणत होता जातीचं चालत नाही!

दुसरं, मला वाटायचं की परक्या देशात सगळं सिद्ध करावं लागत असेल, अगदी शंभर टक्के. तसं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ लाच म्हटलंय, कार्डोझा-फोन्सेका नावाच्या बाईच्या केसमध्ये, की भीती साधार असायला ५० टक्क्यांच्या वर शक्यता लागत नाही, दहात एक शक्यता असली तरी भीती साधार असू शकते. कॅनडात नुसती पुसट शक्यता चालत नाही पण गंभीर शक्यता पुरते, ५० च्या वर जायची गरज नाही. ब्रिटनने मात्र २०२२ च्या कायद्याने थोडं कडक केलं, पुढे छळ होईल का हे अजूनही जुन्याच सैल मापाने मोजतात पण माणसाला खरंच भीती वाटते का आणि ती त्या पाचातल्या कारणामुळेच आहे का, हे शक्यतेच्या पारड्यात जड भरलं पाहिजे. आणि कॅनडात एक जुनं तत्त्व आहे, १९७९ च्या माल्डोनाडो केसपासूनचं, शपथेवर सांगितलेलं खरं धरूनच सुरुवात करायची, शंका घ्यायला काही कारण असल्याशिवाय खोटं धरायचं नाही. तर ते कारण आपण आपल्या हाताने देऊ नये, मॅडमचं सगळं काम एवढंच आहे. एक बनावट एफआयआर पकडला गेला की खरे वळ पण खोटे वाटायला लागतात. केसला विश्वासार्ह आधारच नाही असा शेरा बसला तर कॅनडात रेफ्युजी अर्ज ऐकणाऱ्या बोर्डाकडे अपीलसुद्धा करता येत नाही, आणि मिळालेला दर्जा खोटेपणा नंतर उघड झाला तर काढून घेता येतो. अमेरिकेत जाणूनबुजून खोटा अर्ज ठरला तर इमिग्रेशनची दारं कायमची बंद. अडीच लाखात हे विकत घेतलं असतं आम्ही.

या सगळ्याची सुनावणी तोंडी होते यामागेही आपलीच माणसं आहेत. १९८५ ला ४ एप्रिलला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सिंग केसमध्ये निकाल दिला, अर्ज करणाऱ्यांत बहुतेक भारतातून गेलेले शीख होते, की जिथे माणसाच्या खरेपणाचा प्रश्न आहे तिथे नुसते कागद बघून नाही म्हणता येणार नाही, त्याचं तोंडी ऐकलंच पाहिजे. तो दिवस तिथे रेफ्युजी हक्क दिन म्हणून पाळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाला चक्रावून टाकेल असं. भारतातून गेलेल्या माणसाला तिथे हमखास विचारतात की तू गाव सोडून आपल्याच देशात दुसऱ्या शहरात का नाही गेलास. आणि ते शहर कोणतं सुचवतात, तर बऱ्याच वेळा मुंबई! पंजाबातून पळालेल्या माणसाला म्हणतात की मुंबई एवढी मोठी आहे, तिथे तुला कोण शोधणार. कॅनडाच्या फेडरल कोर्टाचे असे कितीतरी निकाल आहेत, मॅडमनी दोन प्रिंट काढून मला वाचायला दिले. कसोटी दोन भागांची आहे, १९९१ च्या एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या केसपासून चालत आलेली. तिथे छळाची गंभीर शक्यता आहे का, आणि नसेल तर या माणसाने तिथे जाऊन राहणं त्याच्या परिस्थितीत वाजवी आहे का. मागावर असलेल्यांकडे शोधायची ताकद आहे का आणि अजून शोधायची इच्छा आहे का हेही बघतात.

त्या निकालांमध्ये एक गोष्ट वाचून मी हबकले, भाडेकरूंच्या पोलीस व्हेरिफिकेशनवर परिच्छेदच्या परिच्छेद. आपण लीव्ह अँड लायसन्स करतो, ब्रोकर फॉर्म भरतो, आधारची झेरॉक्स देतो, फोटो चिकटवतो आणि विसरून जातो, आणि तिकडे हजारो मैलांवर त्याच फॉर्मवरून वाद चाललेला असतो की या फॉर्ममुळे माणूस सापडू शकतो का, एका राज्यातले पोलीस दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना विचारतात का.

भाचीच्या बाबतीत मुंबई सुचवायचा प्रश्नच वेगळा होता, कारण ती आधीच इथे येऊन लपली होती आणि सापडली होती. मॅडम म्हणाल्या, मग हेच दाखवा. घणसोलीचं अ‍ॅग्रीमेंट शोधा, व्हेरिफिकेशनची पावती शोधा, वॉचमनच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे का बघा. मी ट्रान्स हार्बर लोकलने घणसोलीला गेले, सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले, दोन वर्षांपूर्वीचं व्हिजिटर रजिस्टर पंपरूममध्ये धूळ खात पडलं होतं. सापडलं. ३ एप्रिल, रविवार, चुलतभावाने स्वतःच्या अक्षरात नाव, गाडीचा नंबर लिहिलाय आणि कोणाकडे या रकान्यात भाचीच्या फ्लॅटचा नंबर. ज्या दिवशीची एनसी त्याच दिवशीची नोंद. त्या पानाचा फोटो काढताना माझा हात थरथरत होता.

लग्नपत्रिकेचंही असंच. वाळीत टाकल्याचा कागद कोण देणार, ते तोंडीच असतं. आपल्याकडे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, २०१६ ला विधिमंडळात मंजूर झाला, २०१७ ला लागू झाला, आणि हाच कायदा तिथे आपल्या विरोधात येऊ शकतो कारण ते म्हणणार की तुमच्या राज्यात कायदा आहे की, जा पोलिसांकडे. १९९३ च्या वॉर्ड केसपासून कॅनडात असं धरतात की देश आपल्या माणसाला वाचवू शकतो, नाही वाचवू शकत हे दाखवायची जबाबदारी माणसावर. पण त्याच केसने हेही मान्य केलं की छळ करणारा सरकारचाच माणूस असायला हवा असं नाही, नातेवाईक असले, टोळी असली तरी चालतं, सरकार वाचवू शकत नसेल तर. मग भाओजी बसून राहिले ती रात्र, एनसीवर पुढे काहीच झालं नाही ते, हे सगळं इथे लागतं. आणि बहिष्काराला पुरावा म्हणून मॅडमनी विचारलं, त्यानंतर भावकीत लग्न झालं का कोणाचं, पत्रिका आहे का? होती. भाचीच्या आत्याच्या मुलाची. खाली आपले विनीतमध्ये सगळ्या मामांची नावं, अगदी वारलेल्या थोरल्या मामांचंही कैलासवासी लावून, फक्त भाओजींचं नाव नाही. आधीच्या लग्नाची जुनी पत्रिका काढली, त्यात त्यांचं नाव दुसरं. मॅडमनी दोन्ही पत्रिका श्री गणेशाय नमःपासून आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हंपर्यंत पूर्ण भाषांतर केल्या आणि खाली तळटीप दिली की आपल्याकडे पत्रिकेत नाव असण्याला काय अर्थ असतो. तिथल्या बोर्डाला कोर्टासारखे पुराव्याचे काटेकोर नियम नाहीत, विश्वास ठेवण्यासारखं असेल ते बघू शकतात, म्हणून पत्रिका पण चालते. शाळा सोडल्याचे दाखले दोघांचे दिले, जात त्यावरच असते.

हिअरिंग व्हिडिओवर झाली, आमच्याकडे रात्र होती. भाचीने नंतर सांगितलं, साडेतीन तास चालली. बोर्डाने मराठी दुभाषी दिला होता, त्याचे पैसे लागत नाहीत. निकाल देणाऱ्या मेंबर बाई होत्या, ते भाचीच्या वकिलाने आधीच मागून घेतलं होतं. बायकांच्या अशा केसेस कशा ऐकायच्या यावर कॅनडाच्या बोर्डाने १९९३ लाच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पहिला प्रश्न उशीर का केला, २०२३ ला आलीस आणि २०२४ ला का मागितलंस. तिने जे होतं ते सांगितलं, व्हिसा होता, परत जायची आशा होती, बाबांना मारल्यावर ती संपली. मग नात्यांचा तक्ता समोर घेऊन एकेकाबद्दल विचारलं. मग मेंबरनी विचारलं की जिन्याला किती पायऱ्या होत्या. भाची म्हणाली माहीत नाही, पण कठड्याला नुकताच हिरवा रंग लावला होता आणि तो माझ्या तळहाताला लागला होता, मामाच्या घरी दोन दिवस निघत नव्हता. हे निवेदनात नव्हतं. आम्हालाही माहीत नव्हतं. मावशी, मला तेव्हाच आठवलं, म्हणाली.

निकाल अजून यायचाय. तरी रिव्ह्यू आत्ताच लिहितेय कारण मॅडमच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही, त्यांनी त्यांचं काम केलं.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिणं बरोबर नाही. वेळ फार लागतो. ४१ पानांना २६ दिवस लागले, आणि हिअरिंगच्या १० दिवस आधी कागद जावे लागतात तर शेवटी माझा जीव टांगणीला लागला होता. फोन दुपारी उचलत नाहीत. लिफ्ट नाही, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मदतनीस मुलीला खाली बोलवावं, ती येते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. दर पानाला ४५०, हस्तलिखित असेल तर ६००, स्वस्त नाही, पण प्रत्येक भाषांतराला त्यांचं नाव, कोणत्या भाषेतून केलं आणि ते अचूक आहे असं सहीचं प्रतिज्ञापत्र जोडून देतात, कॅनडाच्या बोर्डाला ते लागतंच. गिचमिड अक्षर वाचता आलं नाही तर वाचता येत नाही असंच लिहितात, अंदाज करत नाहीत, त्यावरून काही लोक भांडताना मी बघितलेत.

जाताना मूळ कागद घेऊन जा. मोबाईलवरच्या फोटोवरून त्या काम करत नाहीत, मागची बाजू कोरी असली तरी बघतात. आमच्या एनसीच्या मागे पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराने पेन्सिलीने भाओजींचा नंबर आणि उद्या या एवढंच लिहिलं होतं, मी ते कधी बघितलंच नव्हतं, मॅडमनी त्याचंही भाषांतर करून दिलं आणि त्या पानाचे पैसे घेतले नाहीत.